कानाचं माप

सहा महिन्यांत मी तीन ईअरफोन परत केले. पहिला दुकानदारानं काही न बोलता बदलून दिला. दुसऱ्या वेळी तो म्हणाला, "साहेब, असं सहसा होत नाही." तिसऱ्या वेळी मात्र त्यानं तो ईअरफोन नीट पुसून स्वतःच्या कानात घातला, माझ्याच मोबाइलवरचं माझंच गाणं लावलं, मिनिटभर मान डोलावली आणि म्हणाला, "साहेब, खणखणीत वाजतोय." पोरगा विशीतला. मी बँकेत छत्तीस वर्षं काढलेला माणूस. ग्राहकाची तक्रार खरी समजून चालायचं, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवलेलं. ते मी त्याला शिकवू लागलो. बिचाऱ्यानं तिसराही बदलून दिला. चौथाही तसाच निघाला.

माझी तक्रार साधी होती. आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो. तंबोरा घुमतो, पण झणझणत नाही. गायिका 'स' म्हणते की 'श' म्हणते ते कळत नाही. झांज वाजते ती पितळेची न वाटता पुठ्ठ्याची वाटते. आताच्या मालात पूर्वीचा दम राहिला नाही, असा निष्कर्ष मी काढला होता आणि तो भेटेल त्याला ऐकवतही होतो. निवृत्त माणसाला असे निष्कर्ष फार लवकर काढता येतात.

मी मोडनिंबचा. पुणे-सोलापूर महामार्गावरचं, माढा तालुक्यातलं हे गाव. बसनं जाणारा माणूस इथे चहापुरता उतरतो. कुणाला इथली बोरं ठाऊक असतात, कुणाला संगीत बारीच्या थिएटरांमुळे नाव माहीत असतं आणि ते नाव घेताना तो जरासा हसतो. आम्हा गावकऱ्यांना त्या हसण्याची सवय आहे. लहानपणी रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मी लांबून येणारी ढोलकी ऐकायचो आणि वारा कुठल्या अंगाचा आहे ते तिच्यावरून ओळखायचो. वारा उलटा असला की नुसता 'धुम' पोचायचा. वारा आपल्याकडे असला की त्यावरची थापेची कड, बोटांची टिकटिक, कधी चाळाचा आवाजसुद्धा. आवाजातला बारीक भाग वाटेत आधी गळतो आणि जाड भाग शेवटपर्यंत पोचतो, हे तत्त्व मला सातव्या वर्षी ठाऊक होतं. सदुसष्टाव्या वर्षी ते स्वतःला लावायचं सुचलं नाही, एवढंच.

ईअरफोनची सवय निवृत्तीनंतरची. पहाटे चारला जाग येते. बायको झोपलेली असते. गच्चीवर खुर्ची टाकायची, कानात बोंडं घालायची आणि उजाडेपर्यंत एखादा भैरव नाहीतर तोडी ऐकायची. कादंबरीचं लिहून अडलेलं असेल तर ते याच वेळी सुटतं, असा माझा समज आहे. त्यामुळे ईअरफोनचा प्रश्न मी चैनीचा मानत नव्हतो.

दिवाळीत भाची आली. ती पुण्यात असते, इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर. माझं गाऱ्हाणं तिनं ऐकून घेतलं, ईअरफोन कानात घालून पाहिला आणि विचारलं, "मामा, तुमचा इक्वलायझर कसा लावलाय?" मी म्हटलं, "लावलेलाच नाही. गाणं जसं आहे तसं ऐकावं. त्यात आपण मीठमसाला घालू नये." ती म्हणाली, "गाणं जसं आहे तसं तुम्ही ऐकताय हे कशावरून?"

मग तिनं मोबाइल टेबलावर ठेवला आणि त्याच्या स्पीकरवर एकामागून एक सूर वाजवायला सुरुवात केली. गाणं नाही, नुसते कोरे सूर. पाचशे हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला पाचशे कंपनं. ऐकू आला. हजार, आला. दोन हजार, आला. चार हजार, लांबून आल्यासारखा. मग बराच वेळ शांतता. मी म्हटलं, "लाव की पुढचा." भाची माझ्याकडे बघत राहिली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायको कानावर हात ठेवून बाहेर आली. "अहो, बंद करा ती शिट्टी! डोक्यात जाते!"

आठ हजार हर्ट्झचा सूर मिनिटभर माझ्यासमोर दोन हातांवर वाजत होता.

त्या दुकानातल्या पोराची मी मनातल्या मनात क्षमा मागितली. नंतर प्रत्यक्षही मागितली, तेव्हा तो म्हणाला, "असू द्या साहेब, आमच्या आजोबांचं पण असंच आहे."

आता हा इक्वलायझर म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण आपल्या पिढीनं तो पाहिलेला आहे आणि बहुतेकांनी चुकीचा वापरलेला आहे. आमच्या वडिलांच्या रेडिओला 'टोन' नावाचं एक बटण होतं. डावीकडे फिरवलं की निवेदक विहिरीतून बोलायचा, उजवीकडे फिरवलं की पत्र्यावरून. वडील ते एका विशिष्ट जागी ठेवत आणि आम्हाला हात लावू देत नसत. पुढे ऐंशीच्या दशकात टेपडेक आले आणि त्यांच्या तोंडावर पाच सरकत्या दांड्या आल्या. शंभर, तीनशे तीस, हजार, तीन हजार तीनशे आणि दहा हजार हर्ट्झ. प्रत्येक दांडी आपापल्या पट्टीचा आवाज वर-खाली करणारी. आम्ही काय केलं? दोन्ही टोकांच्या दांड्या वर आणि मधल्या खाली. दिसायला छान हसरं तोंड व्हायचं. माणसाचा आवाज नेमका त्या मधल्या पट्टीत असतो, तो आम्ही आपल्या हातानं दाबला. रिक्षात, लग्नाच्या मांडवात, कॉलेजच्या खोल्यांत वर्षानुवर्षं गायक मागे आणि ढोल पुढे, असं संगीत आम्ही ऐकलं. मला वाटतं, इक्वलायझर म्हणजे धांगडधिंगा, ही माझी समजूत तिथलीच.

मूळ शब्दाचा अर्थ नेमका उलटा आहे. समान करणारा तो इक्वलायझर. तो जन्माला आला टेलिफोनच्या कामात. लांबच्या तारेतून जाताना आवाजातला बारीक भाग जास्त झिजायचा. तो पलीकडच्या टोकाला भरून काढायचा आणि निघाला तसा आवाज पोचवायचा, हे त्याचं काम. म्हणजे माझ्या लहानपणीच्या उलट्या वाऱ्यावरचा तो इलाज. मीठमसाला नव्हे, वाटेत सांडलेलं परत भांड्यात घालणं. मला ही कल्पना बँकेमुळे लगेच पटली. खातं जुळत नसेल तर आधी फरक कुठे पडला ते शोधायचं, मग तेवढीच नोंद करायची. ताळा बसावा म्हणून दोन्ही बाजूंना रकमा वाढवायच्या नसतात.

पण फरक पडतो कुठे? यातला एक भाग ईअरफोनचा आणि एक भाग कानाचा. बाहेरचा आवाज कानात शिरताना आधी कानाच्या पाळीच्या घड्यांवर आपटतो, मग सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीच्या नळीतून पडद्यापर्यंत जातो. ही नळी एका टोकाला बंद. त्यामुळे तिचा स्वतःचा एक सूर असतो, साधारण अडीच-तीन हजार हर्ट्झच्या आसपास, आणि त्या पट्टीतला आवाज ती आपोआप वाढवते. तान्ह्या मुलाचं रडणं आपल्याला एवढं झोंबतं, त्यात या नळीचाही हात आहे. हेडफोन पाळीला बरंचसं वगळतो. ईअरफोन तर तिला पूर्ण टाळून नळीचं तोंडच बुजवतो आणि तिचा सूर बदलून टाकतो. मग निसर्गानं जी वाढ दिली असती ती यंत्र बनवणाऱ्याला आपल्या अंदाजानं घालावी लागते. अंदाज कुणाच्या कानाचा? सरासरी माणसाच्या. त्यासाठी कृत्रिम डोकी तयार केलेली आहेत, रबरी कान असलेली, आत मायक्रोफोन बसवलेली. अमेरिकेत हरमन या कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी या संशोधकांनी २०१२च्या सुमारापासून बऱ्याच लोकांना वेगवेगळ्या वळणांचा आवाज ऐकवून त्यांची पसंती टिपली आणि हेडफोनचा आवाज कसा असावा याची एक रेषा आखली. आज पुष्कळ कंपन्या तिच्या आसपास आपला माल ठेवतात. बहुतेकांना ती रेषा आवडली. पण काहींना खालचा, म्हणजे बासचा भाग जास्त हवा होता, काहींना कमी, आणि यात वयाचाही संबंध दिसला. म्हणजे सरासरीनं काम भागतं, पण सरासरी नावाचा माणूस कुठे राहत नाही. बँकेत आम्ही खात्यातली सरासरी शिल्लक काढायचो, तेव्हा ती रक्कम त्या खात्यात एक दिवससुद्धा नसायची.

त्यातून कान वयाचा असला तर विचारायलाच नको. ऐकण्याची मर्यादा वीस ते वीस हजार हर्ट्झ असं पुस्तकात असतं, ते तरुण कानाबद्दल. आतल्या शंखात पंधरा-सोळा हजार केसपेशी असतात आणि त्या गेल्या की माणसात परत उगवत नाहीत. वरच्या सुरांच्या पेशी शंखाच्या तोंडाशीच असतात आणि आधी झिजतात त्याच. दाराजवळच्या पायपुसण्यासारखं.

त्या संध्याकाळी भाची आणि मी जेवणापर्यंत बसलो होतो. तिनं काय काय केलं ते थोडं तपशिलात सांगतो, कारण हे काम कुणालाही करता येण्यासारखं आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत.

पहिली गोष्ट, तिनं इक्वलायझर उघडलाच नाही. ईअरफोनची रबरी बोंडं बदलली. डब्यात तीन मापांची येतात, मी मधलीच वापरत होतो. उजव्या कानाला मोठं लागलं, डाव्याला मधलंच. बोंड सैल असलं की फटीतून आधी बास निसटतो. "निम्म्या लोकांचा बास इथेच जातो," असं ती म्हणाली. निम्म्या हा तिचा शब्द, मी जबाबदार नाही. मग तिनं आवाज एका मध्यम पातळीवर ठेवला आणि शेवटपर्यंत बदलू दिला नाही. आपला कान हळू आवाजात खालचे आणि वरचे सूर कमी ऐकतो, मोठ्यानं लावलं की तेच भरून येतात. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ साली मोजून ठेवलं आहे. म्हणजे आवाज वाढवला की काहीही जास्त चांगलं वाटतं, आणि दुकानात आपण फसतो ते त्यामुळे.

नंतर तिनं हजार हर्ट्झचा सूर आधार धरला, तंबोऱ्याचा षड्ज धरावा तसा, आणि दुसरे सूर त्याच्याशी जोडीनं ऐकवले. हा त्याच्याएवढा वाटतो, की मोठा, की लहान? मी सांगायचं, तिनं लिहायचं. सहाशेच्या आसपास सगळं बरोबरीचं. अडीच हजारांपासून उतरण. पण गंमत म्हणजे साडेतीन हजारांपाशी एक सूर एकदम टोचला. तो टेंगळा ईअरफोनचा आणि माझ्या नळीचा मिळून तयार झालेला. तो तिनं आधी खाली आणला, चार डेसिबलनं. तिचा नियमच होता, आधी कापायचं, मग वाढवायचं. जिथे वाढवायचं तिथे एकूण आवाज आधीच तेवढा खाली घ्यायचा, नाहीतर यंत्राच्या आवाक्याबाहेर जाऊन सूर फाटतो. आताच्या इक्वलायझरात पाच दांड्यांची सक्ती नसते. नेमका कुठला सूर, किती वर-खाली आणि आजूबाजूचा किती पट्टा सोबत घ्यायचा, हे तिन्ही आपल्याला ठरवता येतं. दांड्या म्हणजे तयार कपडे, हे म्हणजे शिंप्याकडचं माप.

वरचा खड्डा किती भरायचा यावर आमचा वाद झाला. मला चार हजारांना तीस डेसिबल कमी ऐकू येत असेल तर तीस घाल, असं माझं म्हणणं. सरळ हिशेब. ती म्हणाली, "नाही मामा. तुम्हाला हळू आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज तुम्हाला आमच्याइतकाच मोठा वाटतो. पूर्ण भरला तर झांज कानात सुरीसारखी शिरेल." निम्म्यापेक्षाही कमी घातला. शिवाय जो कान आधीच थकलेला आहे त्यात जोरानं ओतायचं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं ऐंशी डेसिबल आवाज आठवड्याला चाळीस तास, ही मोठ्या माणसाची मर्यादा. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. व्याजाच्या उलट दिशेचं हे चक्रवाढ कोष्टक मला तोंडपाठ झालं आहे.

शेवटी तिनं दोन प्रकार साठवले, जुना आणि नवा, दोन्हींचा एकूण आवाज सारखा केला आणि कुठला कुठला ते न सांगता आलटून पालटून ऐकवले. पाच वेळा विचारलं, पाचही वेळा मी नवाच निवडला. डोळे मिटून.

तंबोरा झणझणला. काळी एकच्या तंबोऱ्यातल्या खर्जाचा मूळ सूर जेमतेम सत्तर हर्ट्झचा असतो. त्यातून उठणारा स्वयंभू गंधारही काही फार वरचा नाही, तो मला सगळा काळ ऐकू येतच होता. म्हणून तर काही हरवलंय हे कळलं नाही. हरवली होती ती त्याच्याही वरची, हजारो हर्ट्झमधली झिळमिळ. विहिरीच्या पाण्यावर ऊन पडल्यावर आतल्या भिंतीवर जी जाळी हलते, तशी. तिच्याशिवायही पाणी पाणीच असतं.

हे ऐकताना मला मिरज आठवली. मोडनिंबहून मिरजेला जायला रेल्वे पूर्वीपासून. बार्शी लाइटची ती अडीच फुटी गाडी कुर्डुवाडीहून निघून आमच्या स्टेशनावरून पंढरपूर, सांगोला करत जायची. ऐंशीच्या दशकात मी कर्जाच्या कामासाठी तिकडच्या एका तंतुवाद्य कारागिराकडे गेलो होतो. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब शिकलगारांनी हत्यारांचं काम सोडून तंबोरे-सतारी करायला घेतल्या, तेव्हापासूनचा हा धंदा. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्यांचे भोपळे आमच्याच बाजूनं, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून जातात. तेव्हा तंबोऱ्यात मोडनिंबकरांचा वाटा नाही असं कुणी म्हणू नये.

मी तारण, भांडवल, खेळतं भांडवल असे प्रश्न विचारत बसलो होतो. तेवढ्यात एक गायक आपला तंबोरा घेऊन आले. जवारी उतरली होती. कारागिरानं तारा सैल केल्या आणि घोडीच्या पाठीवर बारीक कानस फिरवली. दोन हात, जास्त नाही. तार चढवली, छेडली, तारेखाली दोरा सरकवला. गायक म्हणाले, "अजून बंद आहे." परत कानस. "आता फार उघडली." असं तासभर चाललं. मला कंटाळा आला. आवाज होता तसाच होता, असं माझं मत. एका क्षणी दोघंही एकदम थांबले, एकमेकांकडे पाहिलं, आणि संपलं. मी कारागिराला विचारलं, "बरोबर जवारी कुठली, ते ठरलेलं असेल ना काही?" तो म्हणाला, "साहेब, यांच्या गळ्याची ही. दुसरे आले की दुसरी." माझ्या अर्जाच्या छापील नमुन्यात यासाठी रकाना नव्हता. कर्ज मात्र मंजूर केलं आणि त्यानं ते वेळेत फेडलं.

ढोलकीवालाही फडावर बसला की दोरीतल्या कड्या सरकवून सूर चढवतो, पावसाळ्यात एक, उन्हाळ्यात एक. कुणी त्याला मूळ ढोलकीत फेरफार करतोस म्हणून बोल लावत नाही. आवाज ऐकणाऱ्यापाशी पोचल्यावर पुरा होतो, हे या लोकांना आधीपासून ठाऊक होतं. ध्वनिमुद्रण जसं आहे तसंच ऐकावं, हा माझा सोवळेपणा अर्धवट शिकलेल्याचा होता.

इथे हा लेख संपवता आला असता. इतके दिवस मी तो असाच संपवणारही होतो. पण त्याच दिवाळीत आणखी एक गोष्ट झाली.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी भाची निघाली. बॅग भरता भरता म्हणाली, "मामा, डावा कान उजव्यापेक्षा बराच खाली आहे. माझं मोजमाप म्हणजे काही तपासणी नव्हे, मोबाइलवर कुणी कान तपासत नाही. पण एका बाजूला जास्त कमी असेल तर डॉक्टरला दाखवायलाच हवं." मी बरं म्हटलं. बरं म्हणजे बघू. ते तिला कळलं असावं. ती जरा थांबून म्हणाली, "मामी काय म्हणाली सांगू? म्हणाली, यांना काही सांगायचं म्हणजे दोनदा सांगावं लागतं. कामाचं असेल तर सांगते. पण साधंसुधं काही असलं, की दुसऱ्यांदा सांगताना त्यात काही राहत नाही गं. मग मी सांगतच नाही."

मी ते ऐकलं. एकदाच सांगितलेलं, स्वच्छ ऐकलं.

ती गेल्यावर मी आठवून पाहिलं. गेल्या दोन-तीन वर्षांत घरात बोलणं कमी झालं होतं. मी त्याचा अर्थ लावला होता की वय झालं, बोलायचं काय उरलं. काहीसा समाधानानंच लावला होता, कारण लिहायला शांतता मिळत होती. वास्तविक ती बोलत होती आणि माझ्याकडून उत्तर येत नव्हतं. मराठीत स्वर खालच्या पट्टीत असतात, ते मला येत होते. 'स', 'श', 'च', 'थ' यांची फुंकर वरच्या पट्टीत असते, ती गळत होती. 'साठ'चा 'आठ' होत होता. 'शेंगा' आणल्या की नाही विचारलं तर मी 'अंगा' ऐकून काय म्हणून विचारायचो, आणि ती म्हणायची, "काही नाही." हे "काही नाही" मी दिवसात किती वेळा ऐकत होतो! तेवढं बरोबर ऐकू यायचं.

ईअरफोनला इक्वलायझर लावला, गाणं सुधारलं. घरातल्या माणसाला कुठला लावणार?

कान-नाक-घसातज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी आधी मळ काढला. बराच निघाला, आणि मला क्षणभर आशा वाटली की प्रकरण एवढ्यावरच मिटतंय. मग काचेच्या खोलीत बसवून तपासणी झाली. कानात सूर, हातात बटण, ऐकू आलं की दाबायचं. शेवटी शेवटी मी अंदाजानं दाबू लागलो तर आतल्या मुलीनं काचेवर टकटक केलं. परीक्षेत नक्कल करताना पकडल्यासारखं झालं. कागद हातात आला, त्याला ऑडिओग्राम म्हणतात. उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळ्या फुल्या. डावीकडे दोन्ही रेषा शहाण्यासारख्या वर चालतात आणि दोन हजारांनंतर घाट उतरतात. भाचीच्या वहीतली आकृती आणि ही, साधारण एकाच घाटाच्या. डाव्याची जास्त उतरण का, त्यासाठी आणखी तपासण्या झाल्या. सुदैवानं काही गंभीर निघालं नाही.

श्रवणयंत्र लावायला लागेल, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मी जो चेहरा केला तो त्यांच्या ओळखीचा असावा. चाळिशीला चष्मा लावताना मला काही वाटलं नव्हतं. यंत्र म्हटल्यावर मात्र मी एकदम म्हातारा झालो. यंत्र बसवणाऱ्या मुलीनं ते संगणकाला जोडलं आणि पडद्यावर माझी उतरण आली. मग तिच्या वर तिनं दुसरी रेषा काढायला सुरुवात केली. इथे वाढव, तिथे कमी कर. हळू आवाजाला जास्त, मोठ्याला कमी. मी म्हटलं, "अहो, हा तर इक्वलायझर आहे." ती म्हणाली, "तसंच समजा. फक्त हा माणसांसाठी." आताशा काही ईअरफोनमध्ये आणि मोबाइलमध्येही ऑडिओग्रामचे आकडे घालायची सोय आली आहे, म्हणजे दोन्ही वाटा एकमेकींना भेटायला लागल्या आहेत. माझं काम मात्र यंत्रावरच भागलं.

पहिले आठ दिवस वाईट गेले, हे लपवत नाही. वर्तमानपत्राचं पान उलटलं की पत्रा वाकवल्यासारखं. स्टीलची भांडी म्हणजे तर छळ. स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकून मागे वळून पाहिलं. दोनदा परत जाऊन वरची बाजू थोडी उतरवून आणली, मग थोडी चढवली, मग परत उतरवली. मिरजेचे ते गायक डोळ्यांपुढे होते म्हणून त्या मुलीसमोर लाज वाटली नाही. "अजून बंद आहे," असं मी तिला म्हणालोसुद्धा. तिला ते अर्थातच कळलं नाही.

संक्रांतीच्या आधीची गोष्ट. मी पुढच्या खोलीत लिहीत होतो. बायको दारावरच्या बाईकडून सुगडासाठी बोरं घेऊन आत गेली. जाता जाता स्वयंपाकघरातून, माझ्याकडे पाठ करून, स्वतःशीच बोलावं तशी म्हणाली, "साठ रुपये किलो सांगते बोरं. मोडनिंबात राहून साठ रुपये! आणि शेजारच्यांच्या सुनेला दिली पन्नासनं, माझ्यासमोर."

मी इकडून म्हटलं, "ती सून घासाघीस करते. तू करत नाहीस."

आतला भांड्यांचा आवाज थांबला. हात पदराला पुसत ती दारात आली आणि बघत उभी राहिली. मग तिथेच चौकटीला टेकून तिनं मला ती सून कुठली, तिचं माहेर कुठलं, तिनं मागच्या आठवड्यात कांदे कसे घेतले, हे सगळं सांगितलं. लिहायचं त्या दिवशी राहिलं.